माळ्यावरचे शूज आणि आजचं पाऊल

प्रश्न : मी भायखळ्याला राहते. कॉलेजात असताना एका संस्थेबरोबर मुंब्र्याच्या डोंगरात प्रस्तरारोहणाचा बेसिक कोर्स केला आणि पुढची पाच-सहा वर्षं वेड लागल्यासारखी चढले. बेलापूरचे कातळ, ड्यूक्स नोज, कर्नाळ्याचा अंगठा, एकदा बदामीसुद्धा. मग नोकरी, लग्न, बाळंतपण. नऊ वर्षं झाली, कातळाला हात लागलेला नाही. यंदा दिवाळीच्या साफसफाईत माळ्यावर माझे क्लाइंबिंग शूज सापडले. चामड्यावर बुरशी, रबर कडक आणि चकचकीत, डाव्या शूजचं सोल पुढून सुटलेलं. घालून पाहिले तर अंगठ्यातून कळ गेली. याच शूजमध्ये मी दिवसदिवस काढलेत! ते पुन्हा वापरता येतील का? नवे घ्यायचे तर पूर्वीसारखे दोन नंबर लहानच घ्यायचे का? आणि एकोणचाळिसाव्या वर्षी पुन्हा सुरुवात करायची तर कुठून? हार्नेसही तिथेच सापडला, तो अगदी नव्यासारखा आहे. मुलगी आठ वर्षांची आहे, तिलाही माझ्याबरोबर यायचंय.
— एक वाचक, भायखळा (पूर्व)

उत्तर : ताई, तुम्ही जाताजाता लिहिलंय ते आधी घेतो, कारण बाकी सगळ्यापेक्षा ते महत्त्वाचं आहे. तो हार्नेस वापरू नका. नव्यासारखा दिसत असला तरी नाही. हार्नेस, दोर, स्लिंग ही सगळी नायलॉनसारख्या धाग्यांची साधनं. उष्णता, ऊन, घाम, घरातल्या रसायनांच्या वाफा यांनी धागा आतून कमजोर होत जातो आणि वरून काही कळत नाही. बहुतेक कंपन्या एकदाही न वापरलेल्या कापडी साधनालासुद्धा जास्तीत जास्त दहा वर्षांची मुदत देतात, तीही कोरड्या, थंड जागी ठेवलं तर. तुमचा हार्नेस पाच-सहा वर्षं वापरलेला आणि त्यानंतर नऊ वर्षं मुंबईच्या माळ्यावर पडलेला आहे. कात्रीने त्याचे पट्टे कापा आणि मगच टाकून द्या, म्हणजे तो दुसऱ्या कुणाच्या कमरेला जाणार नाही. सोबत जुना दोर किंवा स्लिंग असतील तर त्यांचंही तेच करा. कॅराबिनर असतील तर ते ठेवा. धातूचं वय वेगळं असतं. गेट नीट मिटतं का, गंज किंवा दोराने पडलेली खोल खाच आहे का, हे एखाद्या जाणत्या प्रशिक्षकाला दाखवून घ्या.

शूजची गोष्ट निराळी. शूज दगा देतात तेव्हा पाय सटकतो आणि दोर आपल्याला धरतो. म्हणून त्यांचा निकाल एका नजरेत लावायची घाई नाही. खिडकीच्या उजेडात घेऊन बसा.

बुरशी सुक्या ब्रशने गॅलरीत झाडा, ओल्या फडक्यावर थोडं व्हिनेगर घेऊन पुसा आणि पंख्याखाली वाळवा. उन्हात ठेवू नका, उष्णतेने सोल चिकटवलेला गोंद सुटतो. मग रबर बघा. तुम्हाला जे चकचकीत दिसतंय तो वरचा थर आहे. हवेतला ऑक्सिजन आणि ओझोन रबराला हळूहळू कडक करतात, पण ते काम बाहेरून आत चालतं. बारीक पॉलिश पेपर घेऊन चवड्याखालचा भाग हलक्या हाताने घासा. आतून निस्तेज काळं रबर निघालं, नख दाबल्यावर किंचित दबलं आणि अंगठा फिरवताना अडखळला, तर त्यात जीव आहे. सोल वाकवल्यावर बारीक चिरा उघडत असतील, नखाखाली ते प्लास्टिकसारखं लागत असेल, तर त्याचं आयुष्य संपलं.

यानंतर अंगठ्याखालची कड. चढताना अख्ख्या देहाचं वजन जिथे येतं ती जागा एवढीशीच, रुपयाच्या नाण्याएवढी. नव्या शूजचं सोल तिथे साधारण साडेतीन ते साडेचार मिलिमीटर जाड असतं आणि त्याची कड काटकोनात, ताठ उभी असते. वापराने ती गोलावते. गोलावलेली कड बारीकशा पायरीवर बसत नाही, घसरते. सोलच्या वर, बोटांना वळसा घालून जाणारी रबराची पातळ पट्टी दिसेल, तिला रँड म्हणतात. सोल झिजलं तर नवं बसवता येतं. झीज रँडपर्यंत गेली आणि तिथे भोक पडलं की दुरुस्ती अवघड होते. म्हणून नियमित चढणाऱ्यांनी सोल पूर्ण झिजायची वाट बघू नये.

सुटलेलं सोल चिकटवायला तुम्हाला लांब जायला नको. भायखळा स्टेशनच्या बाहेर बसणारे गटई कामगार ते उत्तम करतील. दोन्ही बाजू खरवडायच्या, सोल्यूशन लावायचं, ते हाताला चिकटेनासं होईपर्यंत सुकू द्यायचं आणि मग दाबून ठोकायचं. एवढंच सांगा. टाके घालू देऊ नका आणि नवं सोल तर मुळीच नको. चपलेचं रबर झिजू नये म्हणून बनवलेलं असतं. क्लाइंबिंगचं रबर दगडाला धरावं म्हणून बनवतात आणि त्यासाठी ते झिजणं पत्करतात. दोन्ही काळीच दिसतात, पण कातळावर पाय टेकवताक्षणी फरक कळतो.

हे सगळं करून ते शूज वाचले, तर माझं मत असं की ते पायाला होतील अशा एखाद्या कॉलेजातल्या मुलीला द्या. तुम्ही वापरू नका. कारण अडचण रबराची नाही. तुमचं पाऊल बदललं आहे.

गरोदरपणात अस्थिबंध सैलावतात, वजन वाढतं, तळव्याची कमान थोडी खाली बसते आणि पाऊल लांब-रुंद होतं. बऱ्याच बायकांचं ते बाळंतपणानंतर पूर्ववत होत नाही, पहिल्या खेपेनंतर विशेषकरून. शिवाय वय वाढतं तशी कमान आपोआपच बसत जाते. तुमच्या रोजच्या चपलेचा नंबर मधल्या काळात वाढला का, ते आठवून पाहा. नसला वाढला तरी कागदावर उभ्या राहा आणि दोन्ही पावलांभोवती पेन्सिल फिरवून घ्या. संध्याकाळी हे करा, दिवसभराच्या उभं राहण्याने पाऊल थोडं सुजलेलं असतं तेव्हा. दोन्ही पावलं सारखी नसतील तर मोठ्या पावलाचं माप धरायचं.

आता त्या दोन नंबर लहान घेण्याबद्दल. तुमच्या पिढीने हे जवळजवळ नियमासारखं पाळलं आणि त्याला कारणं होती. आपल्याकडे त्याआधीची मंडळी हंटर शूजवर चढली. कॅनव्हासचे, रबरी तळव्याचे, कुठेही मिळणारे आणि खिशाला परवडणारे. सह्याद्रीतल्या कितीतरी सुळक्यांवर याच बुटांनी माणसं नेली आहेत. खास क्लाइंबिंगचा जोड म्हणजे परदेशातून येणाऱ्या कुणाला तरी सांगून आणवायची वस्तू. बरेचसे जोड अस्तर नसलेल्या चामड्याचे असत आणि असं चामडं वापरून एखादा नंबर सहज सैलावतं. म्हणून आधी घट्ट घ्यायचे, सोसायचे, मग ते पायासारखे होतात, हा सल्ला त्या चामड्यासाठी बरोबर होता. कृत्रिम धाग्याचे शूज फारसे ताणत नाहीत. त्यांना तोच नियम लावला तर दुखणं कायम राहतं.

घट्टपणाचं मूळ आणखी मागे जातं. पॅरिसजवळच्या फाँतेनब्लो जंगलातल्या दगडांवर चढणाऱ्या पिएर आलँ याने १९३० च्या दशकात कॅनव्हासचा वरचा भाग आणि सपाट, गुळगुळीत रबराचं सोल असलेला हलका बूट बनवला. त्याआधी चढणारे खिळे ठोकलेले जड बूट किंवा दोराचे तळवे वापरत. त्याच दशकात, १९३७ मध्ये, मिलानच्या व्हिताले ब्रामानीने गिर्यारोहणाच्या बुटांसाठी खाचांचं रबरी सोल काढलं. १९३५ साली आल्प्समध्ये त्याचे सहा साथीदार दगावले होते आणि अपुरे, चुकीचे बूट हे त्यामागचं एक कारण होतं. व्हायब्रम हे नाव त्याच्याच नावातून आलं. खाचांचं सोल चिखल-बर्फासाठी, गुळगुळीत सोल कोऱ्या कातळासाठी, ही विभागणी तेव्हापासूनची. पण रबर तेव्हाही साधंच होतं. दगडाला खरोखर चिकटणारं रबर १९८० च्या दशकाच्या सुरुवातीला स्पेनच्या बोरेआल कंपनीच्या ‘फिरे’ या शूजने आणलं आणि १९८५ मध्ये चार्ल्स कोलने फाइव्ह टेन कंपनी काढून ‘स्टेल्थ’ रबर पुढे नेलं. रबर सुधारलं तसे चढाईचे मार्गही ओव्हरहँगकडे, म्हणजे बाहेर झुकलेल्या कातळाकडे, वळले. तिथे पंजाने दगड ओढून धरावा लागतो, म्हणून पुढून खाली वाकलेले, बोटं दुमडून ठेवणारे शूज आले. आज दुकानात सगळ्यात आकर्षक दिसतात ते हेच.

ते तुमच्या कामाचे नाहीत. का, ते बघायला तुम्हाला भायखळ्याच्या बाहेर जायला नको. राणीच्या बागेच्या दारात, डॉ. भाऊ दाजी लाड संग्रहालयाच्या आवारात घारापुरीहून आणलेला, तुकडे जोडून पुन्हा उभा केलेला दगडी हत्ती आहे. जवळ जाऊन नुसता निरखून बघा. काळसर, बारीक कणांचा, घट्ट दगड. आपला सह्याद्री याच दगडाचा, सुमारे ६ कोटी ६० लाख वर्षांपूर्वी लाव्हाचे थरांवर थर साचून झालेला बेसॉल्ट. हंपीच्या ग्रॅनाइटमध्ये जाड स्फटिक असतात, त्यामुळे तिथे नुसत्या घर्षणावर, सपाट उतारावर पाय टेकवून उभं राहता येतं. तुम्ही पाहिलेल्या बदामीच्या लाल वालुकाश्मात आडव्या खोबणी आहेत, हात भरून धरता येतात. बेसॉल्टवर बोटभर रुंदीची तुटकी कड मिळते आणि तिच्यावर अंगठ्याची आतली बाजू ठेवून उभं राहावं लागतं. शिवाय दोन थरांच्या मध्ये मुरूम, गवत, घसारा. सुळक्यावर चार-पाच तास जातात आणि त्यातला निम्मा वेळ बिलेवर, म्हणजे जोडीदाराचा दोर सांभाळत, उभं राहण्यात. अशा दगडावर बोटं चुरगळलेला माणूस पाय नीट ठेवत नाही. दुखतं म्हणून वजन हातांवर घेतो आणि हात दमले की पडतो.

तेव्हा तुमच्यासाठी सपाट, मध्यम ताठ सोलचे शूज. बोटं पुढे टेकलेली असावीत, सांध्यात किंचित उचललेली चालतील, पूर्ण दुमडलेली नकोत. टाचेमागे पोकळी नको. दुकानात मोजे न घालता दोन्ही पायांत चढवा, एखाद्या लाकडी फळीच्या कडेवर एका पायाच्या अंगठ्यावर उभ्या राहा. टाच आतल्या आत सरकली किंवा कड वाकून पाय निसटला तर तो जोड परत ठेवा. मग दहा मिनिटं नुसत्या बसा. मुंग्या आल्या तर अर्धा नंबर वर. सपाट चपलांवर वाढलेल्या आपल्यापैकी बऱ्याच जणांचा चवडा रुंद असतो आणि युरोपीय साचे अरुंद, म्हणून लेसचे शूज बघा. चवड्यापाशी सैल आणि वर घट्ट असं जमवता येतं. बोल्डरिंगच, म्हणजे दोराशिवाय ठेंगण्या दगडांवर चढणं, जास्त करायचं असेल तर वेल्क्रो बरं, दोन चढायांमध्ये चटकन काढता येतात. ‘लेडीज’ लिहिलेल्या जोडाची टाच बहुधा अरुंद असते आणि एकूण आकार सडपातळ. पायाला बसला तर घ्या, नाहीतर पुरुषांचा घ्या, लेबल बघू नका. डेकॅथलॉनच्या मोठ्या दुकानांत त्यांच्याच सिमाँ या फ्रेंच ब्रँडचे सुरुवातीचे जोड घालून बघायला मिळतात. ला स्पोर्टिव्हा, स्कार्पा यांचे महाग पडतात आणि बहुधा ऑनलाइन मागवावे लागतात. पहिला जोड न घालता मागवू नका. फार घट्ट शूज वर्षानुवर्षं घालणाऱ्यांमध्ये अंगठ्याचा सांधा बाहेर येण्याचं प्रमाण जास्त आढळतं. तुम्हाला पुढची वीस वर्षं चढायचंय असं मी धरून चालतो.

आता तुमचा खरा प्रश्न, कुठून सुरुवात करायची. पायांपासून. आणि हे मी धीर द्यायला म्हणत नाही, याला शरीरातलं कारण आहे.

पूर्वी व्यायाम केलेले स्नायू परत लवकर भरतात. पाच-सहा आठवड्यांत तुम्हाला जुनी ताकद हाताशी आल्यासारखी वाटेल. पण बोटं वाकवणारे स्नायू बोटांत नसतात, ते कोपरापुढच्या हातात असतात. तिथून कंडरा बोटांच्या टोकापर्यंत जातात आणि गळाच्या काठीवर दोरा जसा कड्यांतून ओवलेला असतो तशा हाडाला लागून कड्यांतून ओवलेल्या असतात. या कड्यांना डॉक्टर पुली म्हणतात. कंडरा आणि कड्यांना रक्तपुरवठा कमी असतो, त्यांना भार सोसायची सवय व्हायला महिने लागतात. स्नायू पुढे, कडी मागे, अशा अवस्थेत माणूस जुन्या आठवणीने छोटी खाच बोटं मोडून, अंगठा वर दाबून पकडतो आणि ‘टक्’ असा आवाज होतो. क्लाइंबरांची सगळ्यात ओळखीची दुखापत हीच, बहुतेक वेळा अनामिकेची. नव्याने शिकणाऱ्यापेक्षा परत आलेल्याला तिचा धोका जास्त, कारण नव्या माणसाला तेवढं जोरात ओढताच येत नाही.

म्हणून पहिले तीन महिने बोटांवर मेहेरबानी करा. आठवड्यातून दोनदा चढा, मध्ये निदान दोन दिवस मोकळे. मोठ्या, हात भरून येणाऱ्या पकडी, उभ्या किंवा थोड्या मागे कललेल्या भिंती. पकड उघड्या बोटांनी. ओव्हरहँग, हँगबोर्ड (बोटांनी लटकायची फळी), लहान खाचा या सगळ्याला आत्ता रजा. आणि सगळं लक्ष पावलांकडे. एक सराव सांगतो. पाय ठेवायच्या जागेकडे पाऊल टेकेपर्यंत बघत राहायचं, आवाज न करता टेकवायचं आणि एकदा टेकवलं की हलवायचं नाही. सोप्या भिंतीवर संपूर्ण चढाई अशी करून बघा. पूर्वी किती वेळा पाय नुसता आपटून, चाचपडून लावत होता ते लक्षात येईल. ठेवल्यावर टाच खाली सोडायची, वर उचललेली टाच पोटरी थरथरवते. नऊ वर्षांपूर्वी ताकदीच्या जोरावर जे निभावलं ते आता पावलांनी करायचं आणि त्यात तुम्ही पूर्वीपेक्षा चांगल्या चढाल अशी पूर्ण शक्यता आहे. घरी जिन्याच्या पायरीच्या कडेवर फक्त चवडा ठेवून, कठड्याला नुसता हात लावून, टाच हळू खाली-वर करा, आधी दोन पायांवर, मग एकेका पायावर. सिझेरियन झालं असेल किंवा पोटाचे स्नायू अजून सैल वाटत असतील तर एकदा फिजिओथेरपिस्टला दाखवून घ्या. बोटांची कातडीही मऊ झालेली असेल, ती फाटायच्या आत त्या दिवशीची चढाई थांबवा.

वेळ तुम्ही छान साधली आहे. पावसाळ्यात शेवाळलेल्या कातळावर रबर काहीच करू शकत नाही आणि मार्चनंतर काळा दगड असा तापतो की हात घामेजतात आणि सोलची कड मऊ पडून वळते. दिवाळी ते फेब्रुवारी हा आपला मोसम. त्यातही सकाळी, सावली असेपर्यंत. बेलापूर तुमच्या ओळखीचं आहे. रे रोडवरून पनवेल लोकल पकडली की गाडी बदलायला नको. मुंब्र्याला भायखळ्याहून धीमी लोकल थेट जाते. कर्नाळ्याचा अंगठा पहिल्या वर्षी बाजूला ठेवा, तिथल्या मधमाश्यांच्या पोळ्यांची तुम्हाला आठवण असेलच.

एकट्यादुकट्याने मात्र जाऊ नका. तुम्ही ज्या संस्थेबरोबर शिकलात तिथे फोन करा. ती बंद झाली असेल तर १९५४ पासून मुंबईत काम करणारी गिरिविहार आहे, अखिल महाराष्ट्र गिर्यारोहण महासंघाशी जोडलेल्या इतर संस्था आहेत. तुम्ही थांबलात त्याच सुमारास, मे २०१६ मध्ये आणि पुन्हा जून २०१७ मध्ये, गिरिविहारच्या मंडळींनी नवी मुंबईत बोल्डरिंगच्या विश्वचषकाची फेरी भरवली. बेलापूरच्या टेकडीवर वर्षानुवर्षं स्पर्धा घेणाऱ्या हौशी लोकांनी जगातले अव्वल क्लाइंबर आपल्या दाराशी आणले, ही गोष्ट मला आजही फार मोठी वाटते. त्यानंतर टोकियोत हा खेळ ऑलिम्पिकमध्ये पोहोचला. त्यामुळे तुम्ही परत याल तेव्हा तरुण मुलं-मुली भिंतीवर तुमच्यापेक्षा खूप अवघड काही करताना दिसतील. दिसू द्या. त्यांना विचारा, ती आनंदाने सांगतात.

आणि संस्थेत गेल्यावर, तुम्हाला येत असलं तरी, गाठ आणि बिले पुन्हा पहिल्यापासून शिकवा असं सांगा. आठाची गाठ हात विसरत नाहीत, पण ती पूर्ण झाली का हे बघायची सवय मात्र जाते. लिन हिल हे नाव तुम्ही ऐकलं असेल. १९८९ मध्ये, जगातली आघाडीची क्लाइंबर असताना, फ्रान्समधल्या ब्यूक्सच्या कड्यावर तिने दोर हार्नेसमधून ओवला आणि गाठ पूर्ण करायच्या आत तिचं लक्ष शूज घालण्याकडे आणि बोलण्याकडे गेलं. वर पोहोचून ती दोरावर मागे रेलली आणि वीसेक मीटर खाली आली. झाडाच्या फांद्यांनी वेग कमी केला म्हणून वाचली. कोपर निखळलं, पायाचं हाड मोडलं. त्यानंतर ती परत आली आणि १९९३ मध्ये कॅलिफोर्नियातल्या एल कॅपिटनच्या ‘नोज’ या मार्गावर, दोराचा आधार फक्त पडल्यास धरण्यापुरता ठेवून, स्वतःच्या हातापायांनी चढणारी पहिली व्यक्ती ठरली. तोवर कुठल्या पुरुषालाही ते जमलेलं नव्हतं. पुढच्या वर्षी तेच तिने एका दिवसाच्या आत केलं. तेव्हा क्रम ठरवून टाका. शूज आधी घालायचे, लेस बांधून व्हायची, मग दोर हातात घ्यायचा, गाठ एका दमात पुरी करायची आणि जोडीदाराने ती हात लावून तपासायची. गाठ मारताना कुणी बोलायला आलं तर थांबा म्हणायचं.

राहिली लेक. तिला जरूर न्या. आठव्या वर्षी मुलं वजनाच्या मानाने जोरकस असतात आणि पाय कुठे ठेवायचा हे मोठ्यांपेक्षा पटकन उचलतात. तिच्यासाठी शूज आत्ता विकत घेऊ नका. पाऊल सहा महिन्यांत वाढतं, आणि पैसे वसूल करायला लहान झालेला जोड घालत राहणं वाढत्या हाडांना वाईट. पातळ सोलचे, पायाला नीट बसणारे शाळेचे कॅनव्हास पुरतील. पुढे गोडी लागली तर संस्थेतल्या आईवडिलांकडे चौकशी करा, लहान मापाचे जोड एका घरातून दुसऱ्या घरात जात असतात. ती ज्या दिवशी घेईल त्या दिवशी शूज बोटं सरळ राहतील असेच हवेत, मोठ्यांसारखे घट्ट नाहीत. तिची बोटंही वाढीला लागलेली आहेत, हाडांची टोकं अजून कूर्चेची आहेत, म्हणून लहान खाचांवर लटकणं वाढ पुरी होईपर्यंत नाही. बोट दुखतंय असं म्हणाली तर चढाई बंद करून डॉक्टरला दाखवा, मुरगळलं असेल म्हणून सोडून देऊ नका. हार्नेस लहान मुलांचा, छातीलाही पट्टे असलेला मागा. या वयात कंबर सडपातळ असते, नुसता कमरेचा हार्नेस उलटं झाल्यास निसटू शकतो. आणि पहिले काही महिने तिला बिले तुम्ही देऊ नका, प्रशिक्षकाला देऊ द्या. तुमचा सराव गेलेला आहे, आणि ती वर असताना तुमचं सगळं लक्ष तिच्या चेहऱ्याकडे असेल, दोराकडे नाही.